न छापलेली बातमी

कझाकस्तानातल्या अल्माटीच्या झेल्योनी बाजारात कोरियन बायकांची एक सबंध रांग आहे. पांढरे ॲप्रन, डोक्याला पांढऱ्या टोप्या आणि समोर स्टीलच्या परातींमध्ये रचलेली सॅलडं. गाजराचा लांब केशरी कीस, वांगी, मोड आलेलं सोयाबीन, नेच्याचे काळपट कोंब, व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा. माझी भाची तिथं डॉक्टरकी शिकते. तिनंच मला ओढत नेलं. "मावशी, इथं आधी चाखायला देतात, मग घ्यायचं." साठीच्या एका बाईंनी चिमट्यानं थोडं गाजर उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. लसूण, लाल तिखट, भरडलेले धने आणि वरून ओतलेलं कडकडीत तेल. आपल्या फोडणी दिलेल्या कोशिंबिरीसारखंच, फक्त आंबटपणा व्हिनेगरचा. किमचीचा कोबी इकडे मिळेना, म्हणून इथल्या कोरियन बायकांनी गाजर हाताशी धरलं आणि आता ते सगळ्या मध्य आशियाचं झालंय. बाईंच्या वजनकाट्याशेजारी वर्तमानपत्राची घडी पडली होती. वर रशियन मजकूर आणि आतल्या पानाच्या कडेला कोरियनांची हांगुल लिपी. माझे बाबा छापखान्यात होते, त्यामुळे छापील कागद दिसला की माझा हात जातोच. 'कोर्यो इल्बो' असं नाव भाचीनं वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, कोरियन पानं मला वाचता येत नाहीत, आईला यायची, ती होती तोवर पेपर चुकला नाही. हा पेपर फार जुना आहे हे मला ठाऊक होतं. म्हणून मी भाचीला विचारायला लावलं, की तुमच्या लोकांना १९३७ साली इकडे आणून टाकलं, तेव्हा या पेपरनं काय लिहिलं? बाईंनी गाजराच्या पिशवीला गाठ मारली, पैसे घेतले.

"काही नाही. भाताच्या पिकाचं लिहिलं."

पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळताना त्या इतक्या सहज बोलल्या की मला दुसरा प्रश्न सुचलाच नाही. पण ते उत्तर माझ्याबरोबर घरी आलं. एखाद्या समाजाचं एकच वर्तमानपत्र असावं, त्या समाजावर त्याच्या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं संकट कोसळावं आणि पत्रानं त्याबद्दल चकार शब्द काढू नये, तोही पन्नास वर्षं. अशा पत्राला काय म्हणायचं? आणि त्या आईनं ते इतकी वर्षं पैसे मोजून का घेतलं असेल?

या पत्राचा जन्म रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्लादिवोस्तोकचा. कोरियाच्या उत्तरेकडचे शेतकरी १८६० च्या दशकापासून दुष्काळाला कंटाळून तुमेन नदी ओलांडत आणि रशियाच्या हद्दीत जमीन कसायला लागत. पुढं जपाननं कोरिया गिळायला सुरुवात केली, तसे शेतकऱ्यांच्या मागून शिक्षक, लेखक आणि बंडखोरही आले. आपल्या देशात छापता येत नव्हतं ते परक्या बंदरात छापायचं, ही खटपट १९०८ पासूनच चालू होती. त्या वर्षी 'हेजो शिनमुन' निघालं. १९१२ मध्ये 'क्वोनोप शिनमुन' आलं आणि पहिल्या महायुद्धात रशिया व जपान एका बाजूला आल्यावर १९१४ मध्ये बंद पडलं. जगण्याची धडपड दोन्ही पत्रांनी केली, आयुष्य मात्र लाभलं नाही. मग क्रांती झाली आणि १ मार्च १९२३ रोजी नवं पत्र सुरू झालं. तारीख मुद्दाम निवडलेली. चारच वर्षांपूर्वी त्याच दिवशी कोरियाभर लोक स्वातंत्र्याच्या घोषणा देत रस्त्यावर उतरले होते. पत्राचं पहिलं नावसुद्धा तेच, 'एक मार्च'. लवकरच ते 'सोनबोंग' झालं, म्हणजे अग्रदूत. कम्युनिस्ट पक्षाचं पत्र, शंभर टक्के. पण त्यात कोरियाचं दुःखही मावत होतं. कवी चो म्योंग-ही १९२८ मध्ये जपानी राजवटीतून निसटून सोव्हिएत भूमीत आला, तेव्हा पायदळी तुडवल्या गेलेल्या मायदेशावरची त्याची कविता याच पत्रानं छापली. मोकळ्या हवेत आलोय असं त्याला वाटलं असणार. खेड्यापाड्यांत कोरियन शाळा होत्या, शिक्षकांचं विद्यालय होतं, १९३२ पासून नाटकमंडळी होती. वाचणारे होते म्हणून पत्र होतं आणि पत्र होतं म्हणून लिहिणारेही वाढत गेले.

कोरियनांना तिथून उचलून मध्य आशियात हलवायच्या २१ ऑगस्ट १९३७ च्या ठरावावर सोव्हिएत पंतप्रधान मोलोतोव्ह आणि स्टालिन यांच्या सह्या आहेत. सुदूर पूर्वेत जपानी हेरगिरीचा शिरकाव होऊ नये, एवढंच कारण. जपानच्या जाचामुळे घरदार सोडलेल्या माणसांवरच जपानचे हेर असल्याचा संशय. गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह यानं ऑक्टोबरअखेर हिशेब दिला तो असा: १२४ गाड्या, ३६,४४२ कुटुंबं, १,७१,७८१ माणसं. पैकी ९५,२५६ कझाकस्तानात, ७६,५२५ उझबेकिस्तानात. मालगाडीचे डबे, महिनाभराचा प्रवास, सहा हजार किलोमीटर. वाटेत लहान मुलं आणि म्हातारी माणसं दगावली. उश्तोबे नावाच्या स्टेशनाजवळ ज्यांना उतरवलं, त्यांनी बास्तोबे टेकडीच्या कुशीत जमिनीत खड्डे खणून पहिला हिवाळा काढला. कझाक शेजाऱ्यांनी भाकरी आणून दिली, ही आठवण इथली कोरियन घरं अजून सांगतात. चो म्योंग-ही त्या गाडीत नव्हता. त्याला आधीच अटक झाली होती. १९३८ मध्ये खाबारोव्स्कला त्याला गोळ्या घातल्या.

'सोनबोंग' सप्टेंबर १९३७ मध्ये थांबलं. १५ मे १९३८ ला कझाकस्तानात सीर दर्या नदीकाठच्या किझिलोर्दा या गावी तेच पत्र 'लेनिन किची', म्हणजे लेनिनचा झेंडा, या नावानं पुन्हा निघालं.

त्या गाड्यांमधून माणसांबरोबर छपाईचे कोरियन खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरंही आली, असं कोर्यो-साराम सांगतात. मध्य आशियातले कोरियन स्वतःला याच नावानं ओळखतात. या गोष्टीपाशी माझं मन अडकतं, कारण खिळे म्हणजे काय ते मी लहानपणी उचलून पाहिलंय. बाबा जुळारी होते. त्यांच्यासमोर लाकडी केस तिरकी लावलेली असायची, तिला काही शे खण, आणि प्रत्येक खणात एकेक अक्षर. काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरं वेगळी. डाव्या हातात स्टिक, उजवा हात न बघता खणाखणांतून फिरायचा आणि ओळ उलटी जुळत जायची. छपाई झाली की खिळे रॉकेलनं धुवायचे आणि एकेक करून परत आपापल्या खणात सोडायचे. बाबांच्या बोटांना शिशाचा आणि रॉकेलचा मिळून एक वास असायचा, तो जेवतानाही जात नसे. मोठी केस दोन माणसांनी धरून उचलावी लागे. हांगुलचं काम त्याहून अवघड. तिची मूळ अक्षरं मोजकी, पण ती एकमेकांत बसवून एका अवयवाचा, म्हणजे उच्चाराच्या एका तुकड्याचा, एक चौकोन होतो, आणि हातजुळणीत प्रत्येक चौकोनाचा खिळा निराळा. म्हणजे हजारांच्या घरातले खण. माणसाला अंथरूण-पांघरूण आणि धान्याचं पोतं कसंबसं नेता आलं, अशा गाडीत कुणीतरी शिशाची ही ओझी चढवली. कझाकस्तानच्या माळावर हांगुलचा एक खिळासुद्धा विकत मिळणार नव्हता. अवयव हरवला तर शब्द बदलावा लागणार. ज्यानं कुणी त्या पेट्या चढवल्या, त्याला एवढं नक्की कळत होतं की आपण जिथं उतरू तिथं पेपर काढायचा आहे.

पण पेपर निघायला लागला त्याच सुमारास कोरियन शाळा रशियन झाल्या. किझिलोर्दाला हलवलेलं शिक्षकांचं विद्यालयही रशियन झालं, तिथल्या कोरियन पुस्तकांवर जाळून टाकण्याची पाळी आली. राहिलं काय, तर एक नाटकमंडळी आणि एक पत्र. घरात बोलायची ती कोरियाच्या उत्तरेतल्या हामग्योंगकडची बोली, शाळेत रशियन, बाजारात कझाक, आणि कागदावरचं कोरियन उरलं ते फक्त 'लेनिन किची'त. कोरियन माणसाला मध्य आशियाबाहेर जाता येत नव्हतं. महायुद्धात रणांगणावर घेत नव्हते, खाणीत आणि जंगलतोडीवर राबवायला मात्र नेत होते. अशा गावात होंग बोम-दो राहत होता. १९२० मध्ये मांचुरियात जपानी सैन्याला पाणी पाजणारा सेनापती, आता कोरियन नाट्यगृहाचा रखवालदार. नाटककार थे जांग-चुन यानं त्याच्यावरच नाटक लिहिलं आणि १९४२ मध्ये ते रंगमंचावर आलं. स्वतःचं तारुण्य त्यानं म्हातारपणी त्या मंचावर पाहिलं. पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला तो गेला आणि त्याच्या मृत्यूची बातमी 'लेनिन किची'नं छापली. दक्षिण कोरियाला त्याचे अवशेष मानानं नेले गेले ते २०२१ मध्ये. मधली ७८ वर्षं तो तिथं कोण म्हणून राहिला आणि कसा वारला याचा छापील पुरावा कुठं होता, तर पार्टीची भाषणं आणि भाताचे आकडे छापणाऱ्या पत्रात.

भाताचे आकडे खरोखरच खूप असत. सीर दर्याच्या खाऱ्या, ओसाड काठावर कोरियनांनी पाट काढून भात पिकवला आणि तोंडात बोट घालावं असं पिकवला. उझबेकिस्तानात 'ध्रुवतारा' सामूहिक शेताचा प्रमुख किम ब्योंग-ह्वा दोनदा समाजवादी श्रमवीर झाला. सरकारला हवी ती बातमी हीच आणि लोकांच्या अभिमानाची बातमीही हीच. पण ही माणसं या नदीकाठी आली कशी, ते कुठंच नाही. जणू ती तिथंच उगवली होती.

इथं मला आणीबाणी आठवते. माझे थोरले काका मिसाखाली येरवड्याच्या तुरुंगात होते. आजी रोज संध्याकाळी देवापुढं बसून त्यांच्या नावानं पुटपुटायची. आणि त्याच दिवसांत आमच्या गावच्या छापखान्यात वीस कलमी कार्यक्रमाची पत्रकं बाबांनी जुळवली. सख्ख्या भावाला ज्यांनी आत टाकलं त्यांची स्तुती, एकेक खिळा उचलून, शुद्धलेखनाची एक चूक न होऊ देता. घरात याबद्दल कुणी बोललं नाही. काका सुटून आल्यावरही नाही. बाबांनी नोकरी सोडायला हवी होती असं मला कॉलेजात असताना वाटायचं. आता वाटत नाही. पण त्या पत्रकांचं काही वाटत नाही, असंही म्हणवत नाही. काकांचं तुरुंगातलं पत्र येई ते बाबा चष्मा पुसून पुसून वाचत, आणि त्याच चष्म्यातून दुसऱ्या दिवशी प्रूफं तपासत. आमची ती एकोणीस-वीस महिन्यांची गोष्ट. किझिलोर्दाच्या जुळाऱ्यांनी ती जन्मभर ओढली. त्यांच्यातल्या किती जणांचे भाऊ, बाप, मास्तर १९३७ च्या धरपकडीत नाहीसे झाले असतील. आणि तेच हात स्टालिनचं भाषण कोरियनमध्ये जुळवत होते. शेजारच्या खणात त्या भावाच्या नावाचे खिळे होते.

म्हणून या पत्राला निव्वळ सरकारी भोंगा म्हणून बाजूला सारणारे अभ्यासक मला पटत नाहीत. ते अग्रलेख वाचतात. अग्रलेख कुठल्याही सोव्हिएत पत्राचे सारखेच. मला आतलं पान महत्त्वाचं वाटतं. 'लेनिन किची'नं कथा-कवितांना जागा दिली, आणि कोरियनमध्ये लिहिलेलं छापायला त्या सगळ्या मुलखात दुसरी जागा जवळजवळ नव्हतीच. शाळा नसलेल्या भाषेतून माणसं शिक्षकाशिवाय लिहायला शिकली ती या पानांवर. आणि उत्तर कोरियातून फुटून आलेल्यांनाही इथंच आसरा मिळाला. १९५८ मध्ये मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत शिकणाऱ्या आठ उत्तर कोरियन विद्यार्थ्यांनी किम इल-सुंगच्या राजवटीत परत जायला नकार दिला. त्यांच्यातला हान जिन पुढं किझिलोर्दाला 'लेनिन किची'त नोकरीला लागला, नंतर नाटककार झाला. यांग वोन-शिक कवी झाला आणि बऱ्याच वर्षांनी याच पत्राच्या संपादकपदावर बसला. चोंग सांग-जिन हा तर उत्तर कोरियाचा सांस्कृतिक उपमंत्री होता. तोही सोव्हिएत देशात परतून या कचेरीत साहित्यावर लिहू लागला. जुन्या हद्दपारांच्या मुलांशेजारी नव्या परागंदांची टेबलं. एकाला आपल्या बापाचं सांगता येत नाही, दुसऱ्याला आपल्या देशाचं. दुपारच्या चहाला ही माणसं काय बोलत असतील, या विचारानं मी अस्वस्थ होते. कारण तोच खरा पेपर, आणि तो कधीच छापला गेला नाही.

१९७८ मध्ये कचेरी कझाकस्तानच्या तेव्हाच्या राजधानीत, अल्मा-अताला, म्हणजे आजच्या अल्माटीला आली. मग गोर्बाचोव्हचे दिवस आले आणि गाठी सैल व्हायला लागल्या. १९८९ मध्ये हान जिनची 'भीती' ही कथा 'लेनिन किची'तूनच आली. विषय किझिलोर्दाच्या विद्यालयातली ती जाळायला काढलेली कोरियन पुस्तकं आणि ती वाचवू पाहणारी माणसं. परदेशात जन्मलेल्या, हद्दपारीच्या वेळी लहान असलेल्या आणि त्या गाडीत कधीच न बसलेल्या एका परागंदा माणसानं ही गोष्ट लिहिली, याचं मला फार वाटतं. आतल्या माणसांची जीभ इतकी वर्षं दाबली गेली होती, की पहिली हाक शेजारच्या टेबलावरून यावी लागली. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला सर्वोच्च सोव्हिएतनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, या सगळ्या हद्दपाऱ्या बेकायदा आणि गुन्हेगारी स्वरूपाच्या होत्या असं जाहीर केलं. १ जानेवारी १९९१ पासून झेंड्यावरून लेनिन गेला आणि पत्राचं नाव 'कोर्यो इल्बो' झालं.

बोलायची मुभा मिळाली तेव्हा ऐकणारे उठून गेले होते. ज्या पिढीनं डब्यातला तो महिना काढला, तिच्यातले बहुतेक गेलेले. तिच्या मुलांना कोरियन बोलता येई पण वाचता येत नसे, नातवंडांना दोन्ही नाही. हद्दपारीच्या आठवणी छापायच्या तर रशियनमध्ये छापाव्या लागल्या, नाहीतर ज्यांच्यासाठी छापायच्या त्यांनाच त्या कळल्या नसत्या. रोजचं पत्र साप्ताहिक झालं, रशियन पानं वाढत गेली, कोरियन पानं आक्रसली. २०२३ मध्ये पत्रानं शंभरी गाठली. कोरियाबाहेरच्या कोरियन पत्रांत एवढं आयुष्य कुणाच्या वाट्याला सहसा येत नाही. आज अल्माटीत पोरं पुन्हा कोरियन शिकतात. दक्षिण कोरियाच्या मदतीनं १९९१ पासून तिथं शिक्षण केंद्र आहे, कंपन्या आहेत, नोकऱ्या आहेत, मालिका आहेत. पण ते सोलचं कोरियन. आज्यांची ती उत्तरेकडची बोली त्यात नाही. याचं वाईट वाटावं की बरं, ते मला ठरवता येत नाही. भाषा टिकली म्हणावं तर ती दुसऱ्याच दारानं घरात आली आहे. इस्रायलमधले बेने इस्रायल 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढतात, ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मला नुसतं कौतुक वाटलं होतं. आता आधी मनात येतं ते हे, की त्या घरांतल्या किती नातवंडांना ते वाचता येत असेल.

त्या आईनं पेपर का घेतला असेल, याचा मी बराच विचार केला. भाषेसाठी, सवयीसाठी, कुणास ठाऊक. पण मला एक गोष्ट फार शक्य वाटते. १९३७ मध्ये एका गावची माणसं वेगवेगळ्या स्टेशनांवर उतरवली गेली. कोण कुठं पडलं, जगलं की मेलं, कळायला मार्ग नव्हता, आणि हलायची परवानगी नव्हती. अशा वेळी पेपरात येतं, की अमुक सामूहिक शेतावरच्या अमुक तुकडीनं हेक्टरी इतकं भात काढलं, तुकडीप्रमुख अमुक, चांगलं काम करणारे अमुक, अमुक आणि अमुक. अधिकाऱ्याला त्यात आकडा दिसतो. बहिणीला भावाचं नाव दिसतं, आणि पत्ताही. तो जिवंत आहे, भात लावतो आहे, या गावी आहे. हद्दपारीवर एक अक्षर न लिहिता हद्दपार झालेल्यांची यादी दर आठवड्याला छापली जात होती, मग ती छापणाऱ्याच्या मनात असो वा नसो. मला तरी वाटतं की असावी. जुळारी नावं फार जपून जुळवतात. बाबा म्हणायचे, मजकुरात एखादी चूक राहिली तर लोक सोडून देतात, नावात राहिली तर माणूस छापखान्यात येऊन उभा राहतो.

हे सगळं माझं अनुमान आहे आणि ते पडताळून पाहता येण्यासारखं आहे. १९३८ नंतरचे अंक आहेत, नावं आहेत, तारखा आहेत. ज्या घरांत अशा जुन्या अंकांची कात्रणं जपून ठेवलेली आहेत, तिथं जाऊन कुणीतरी विचारायला हवं की हेच पान का ठेवलं. संशोधक अग्रलेखांचं वर्गीकरण करत बसले आहेत, आणि भाताच्या बातम्या खोक्यांत तशाच आहेत. मी हांगुल गिरवायला घेतली आहे. अक्षरं सोपी आहेत, चौकोन ओळखायला वेळ लागतो. नावं तेवढी वाचता आली तरी मला सुरुवातीला पुरे.